बारा रुपयांपासून पवित्र पोर्टलपर्यंत: मास्तर टिकवण्याची गोष्ट

शुक्रवारची सकाळ आहे, हातात चहाचा कप असेल. आज थोडं मास्तरांविषयी आणि बाईंविषयी बोलूया.

२००३ साली एमबीए संपवून मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. त्याच वर्षी माझी मामेबहीण डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाली. माझा पगार मामांनी सगळ्या गल्लीला सांगितला. बहिणीचा आकडा मात्र त्यांनी कुणालाच सांगितला नाही. तो होता महिना ३,००० रुपये, आणि त्याला पगार म्हणायची सोय नव्हती, ते मानधन होतं. पदाचं नाव शिक्षणसेवक, मुदत तीन वर्षं.

त्यानंतर वीस वर्षं मी कंपन्यांसाठी एकच प्रश्न सोडवत आलो: चांगली माणसं मिळवायची कशी, आणि मिळालेली टिकवायची कशी? आपल्या सरकारांनी हा प्रश्न शाळांसाठी कसा सोडवला, ते एकदा बघावंसं वाटलं. म्हणून ही उजळणी.

सुरुवात १८८२ पासून करू. इंग्रज सरकारनं शिक्षणाची पाहणी करायला हंटर आयोग नेमला होता. त्याच्यापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिलं. ते प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी आपल्याला माहीत असतं. पण त्यात शिक्षकांच्या भरतीचा अख्खा आराखडाही आहे. प्रशिक्षित शिक्षकाला किमान १२ रुपये द्या, मोठ्या गावांत १५ ते २० द्या. गावच्या हिशेबांची तपासणी, दस्तनोंदणी, टपाल, मुद्रांकविक्री अशी कामं त्याच्याकडे सोपवा, म्हणजे गावात त्याचं वजन वाढेल. जास्त मुलं उत्तीर्ण करणाऱ्याला पगाराशिवाय वेगळा भत्ता द्या. आणि शिक्षक शेतकरी समाजातूनही घ्या, नांगर धरायची लाज न वाटणारे. पगार, मान, कामाप्रमाणे बक्षीस, भरतीची जागा: आमच्या एचआर मंडळींना यात घालायला फारसं काही उरत नाही.

त्याच पुण्यात दोन वर्षांनी, १८८४ मध्ये, डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिथला मार्ग निराळा होता. आजीव सभासदानं २० वर्षं शिकवायचं, महिना ७५ रुपयांत. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ पर्यंत तिथे शिकवत राहिले. टिळक मात्र १८९० मध्येच बाहेर पडले, आणि वाद होता सभासदांचं वेतन आणि बाहेरची कमाई यावरून. म्हणजे ध्येयवाद्यांच्या संस्थेतही पैशाचा प्रश्न सुटलेला नव्हता. शपथेवर गोखले टिकतात, पण गावोगावच्या हजारो शाळा शपथेवर चालत नाहीत. त्यांना कायदा लागतो.

स्वातंत्र्यानंतर १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा आला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावची शाळा त्यांच्याकडे आली. तिथल्या गुरुजींची नोकरी बरीच सुरक्षित होती. खासगी संस्थांतल्या शिक्षकाचं तसं नव्हतं. तिथे चालकाची मर्जी हाच नियम. त्यासाठी महाराष्ट्रानं १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती कायदा केला आणि १९८१ मध्ये त्याचे नियम आले. दोन वर्षांचा परिवीक्षा काळ नीट पार पडला की नोकरी कायम. काढून टाकलं तर शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

या कायद्यातलं राजीनाम्याचं कलम मला सर्वांत बोलकं वाटतं. शिक्षकानं राजीनामा दोन प्रतींत तयार करायचा, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर टपालानं संस्थेला पाठवायची आणि दुसरी स्वतःकडे ठेवायची. साध्या राजीनाम्याला एवढा सोपस्कार कशाला? कारण दबाव आणून घेतलेली सही आणि मनानं दिलेला राजीनामा यांत फरक करता यायला हवा.

मग २००० साल उजाडलं. पाचव्या वेतन आयोगानंतर तिजोरीवर ताण होता. त्या वर्षी शिक्षणसेवक योजना आली. प्राथमिकला ३,०००, माध्यमिकला ४,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयात ५,००० रुपये. २००७ मध्ये शिक्षणसेवक हे पद १९७७ च्या कायद्यातही दाखल झालं. बहीण शाळेच्या गावी खोली घेऊन राहायची. भाडं, एसटी आणि डबा यांतच मानधन संपायचं. महिन्याच्या शेवटी मामा तिला पैसे पाठवायचे. म्हणजे सरकारी शाळेचा काही खर्च तीन वर्षं माझ्या मामांनी उचलला, असं मी चेष्टेनं म्हणतो. मामा हसत नाहीत.

२०१० मध्ये शिक्षणहक्क कायदा लागू झाला. शिक्षकांची रिक्त पदं मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नयेत, असं त्यात लिहिलं आहे. पाठोपाठ शिक्षक पात्रता परीक्षा आली, महाराष्ट्रात ती पहिल्यांदा २०१३ मध्ये झाली. पण मधेच, २०११ च्या पटपडताळणीत अनेक शाळांचा पट फुगवलेला निघाला. मे २०१२ मध्ये अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन होईपर्यंत नवी भरती थांबली. डी.एड., बी.एड. झालेली मुलं वर्षानुवर्षं वाट बघत राहिली. २०१७ मध्ये पवित्र पोर्टल आणि अभियोग्यता चाचणी आली. संस्थाचालकाच्या पाकिटाऐवजी गुणांवर निवड व्हावी, हा त्यामागचा हेतू.

त्याच वर्षी जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्याही संगणकावर गेल्या. शाळा 'अवघड' आणि 'सर्वसाधारण' क्षेत्रांत विभागल्या. अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढली की बदली मागायचा हक्क. पती-पत्नी एकत्रीकरणाचा वेगळा संवर्ग. सॉफ्टवेअरवाला म्हणून सांगतो, ही नियमावली वाचताना मला घाम फुटला. पण दुर्गम पाड्यावर शिक्षक पाठवायचा, तर परत यायचा रस्ताही लेखी द्यावा लागतो, हे त्यात कुणाला तरी उमगलं होतं. जानेवारी २०२३ पासून मानधन १६,०००, १८,००० आणि २०,००० झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेवेतल्या शिक्षकांनाही पात्रता परीक्षा आवश्यक ठरवली, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा कमी उरलेल्यांना सवलत ठेवून. माझी बहीण आता सेवेच्या तेविसाव्या वर्षी पुस्तकं काढून बसली आहे.

आता आपल्या दोह्याकडे बघा. इथल्या सुरुवातीच्या सरकारी शाळा इजिप्त, पॅलेस्टाइन, जॉर्डनहून आलेल्या शिक्षकांनी उभ्या केल्या. कतारी तरुणांनी वर्गात यावं म्हणून २०१४ मध्ये 'टीच फॉर कतार' सुरू झालं. कतार विद्यापीठात शिक्षणशास्त्र शिकणाऱ्यांसाठी 'तमूह' ही योजना आहे. तमूह म्हणजे महत्त्वाकांक्षा. विद्यार्थी असतानाच दरमहा रक्कम हातात पडते. फुल्यांना ही कल्पना आवडली असती.

आणि आपल्यातल्या जुन्या मंडळींना 'एनओसी' हा शब्द आठवतच असेल. नोकरी बदलायची तर आधीच्या मालकाची ना-हरकत लागायची. आपल्या मुलांना भारतीय शाळांत शिकवणाऱ्या बाईही त्यातून सुटल्या नव्हत्या. २०२० च्या कायद्यांनी ती अट गेली, ठरलेली नोटीस दिली की पुरे. तोवर शिक्षक टिकत होते की अडकलेले होते, हे सांगणं कठीण होतं.

या साऱ्या इतिहासातून मला एवढंच दिसतं. माणूस थांबवायचे दोन मार्ग: दाराला कडी घालणे, किंवा घर राहण्याजोगं करणे. शपथ, बॉण्ड, एनओसी, तीन वर्षांचं मानधन हे सगळे कडीचे प्रकार. बारा रुपयांची मागणी दुसऱ्या मार्गाची होती.

तेव्हा मंडळी, उन्हाळ्यात गावी जाल तेव्हा आपल्या जुन्या शाळेत एक चक्कर मारा. नुसतं मुलांना खाऊ आणि वह्या वाटून परत येऊ नका. मुख्याध्यापकांना दोन आकडे विचारा: मंजूर पदं किती, भरलेली किती? दहापैकी एकापेक्षा जास्त जागा रिकामी असेल, तर कायदा गावाच्या बाजूनं आहे. ग्रामसभेत ते बोलायला कुणीतरी हवं. आपल्याला इथवर कुणीतरी बारा रुपयांच्या हिशेबातच शिकवलं आहे.

पुढच्या शुक्रवारी भेटू. नमस्कार.