योगशिक्षकांना शिकवतं कोण? २०० तासांच्या सर्टिफिकेटमागची माणसं

इन्स्टाग्रामवर एकदा ‘योगा’ सर्च केलं की पुढचे आठ दिवस फीडमध्ये एकाच छापाच्या जाहिराती येत राहतात. मागे डोंगर, नदी किंवा समुद्र, पुढे मॅटवर बसलेली दहा-बारा मंडळी आणि खाली ओळ : २८ दिवसांत सर्टिफाइड योगशिक्षक व्हा. ठिकाण बहुतेक वेळा ऋषिकेश, गोवा नाहीतर धर्मशाळा. कोर्सच्या नावात ‘होलिस्टिक’, म्हणजे सर्वांगीण, हा शब्द हमखास. फी, खोलीचे फोटो, सात्त्विक जेवणाचा मेन्यू, सगळं दिसतं. शिकवणार कोण, हे मात्र शोधावं लागतं.

त्याने काय फरक पडतो? हाच विद्यार्थी महिन्याभराने तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये क्लास घ्यायला उभा राहणार असतो. समोर बीपीची गोळी घेणारे काका असतात, कंबरदुखीने हैराण झालेली आयटीवाली ताई असते, काचबिंदू असलेली आजी असते. शीर्षासनात डोळ्यातला दाब वाढतो, त्यामुळे काचबिंदू असलेल्यांना ते टाळायला सांगतात. हे त्या नव्या शिक्षकाला माहीत आहे की नाही, हे त्याला कोणी आणि किती शिकवलं यावर अवलंबून आहे.

२०० तास कुठून आले?

जाहिरातींमध्ये ‘योगा अलायन्स’चा लोगो दिसतो. ही १९९९ साली सुरू झालेली अमेरिकेतली ना-नफा संस्था आहे. लोकांचा सर्वात मोठा गैरसमज इथेच होतो. योगा अलायन्स परीक्षा घेऊन कोणाला शिक्षक ठरवत नाही. ती नोंदणी करते, आधी शाळेची आणि मग त्या शाळेतून शिकून बाहेर पडलेल्यांची. सर्टिफिकेट देते ती शाळाच.

२०० तासांची वाटणी कशी असावी, याचे निकष मात्र या संस्थेने ठरवून दिले आहेत. आसन, प्राणायाम, ध्यान यांना किमान ७५ तास. शरीररचना आणि शरीरक्रियेला ३०. योगाचा इतिहास, तत्त्वज्ञान आणि नीती मिळून ३०. शिकवण्याची पद्धत आणि प्रत्यक्ष सराव यांना ५०. म्हणजे सांधे, स्नायू, श्वसन, रक्ताभिसरण हे सगळं ३० तासांत. चार सुट्ट्या धरल्या तर २८ दिवसांच्या कोर्समध्ये रोज आठ तासांहून थोडं जास्त शिकायचं असतं. दमछाक होणारच.

महिन्याभराचं निवासी प्रशिक्षण ही कल्पना इन्स्टाग्रामच्या खूप आधीची आहे. ऋषिकेशच्या स्वामी शिवानंदांचे शिष्य स्वामी विष्णुदेवानंद यांनी १९६९ मध्ये चार आठवड्यांचा शिक्षक प्रशिक्षण वर्ग सुरू केला. आजच्या बहुतेक कोर्सेसचा साचा तिथे सापडतो. पण शिक्षक घडवण्याची दुसरी, बरीच संथ पद्धत आपल्याकडे, मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात वाढली. तिच्यामागची माणसं पाहिली तर ‘होलिस्टिक’ या शब्दाला वजन कशाने येतं ते कळतं.

लोणावळ्यातली प्रयोगशाळा

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ चा. पुढे ते स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले गेले. व्यायामाचं शिक्षण त्यांनी बडोद्याच्या राजरत्न माणिकरावांकडे घेतलं आणि योग शिकले नर्मदाकाठच्या मालसर इथल्या परमहंस माधवदासांकडे. एक आखाड्याचे गुरू, दुसरे योगी. पण गुरूंनी सांगितलं म्हणून मानायचं, एवढ्यावर गुण्यांचं समाधान होईना. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी बडोद्यात उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमकं काय होतं, हे एक्स-रेच्या मदतीने तपासलं. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, असं त्यांना आढळलं. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचंच नाव दिलं : ‘माधवदास व्हॅक्यूम’. गुरुभक्ती आणि प्रयोगशाळा एकाच नावात!

१९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे नियतकालिकही. योगशिक्षक घडवणारं कॉलेज तिथे १९५०च्या सुमारास उभं राहिलं. आपल्या विषयासाठी महत्त्वाचं आहे ते तिथे जमलेलं मनुष्यबळ. स्वामी दिगंबरजी आणि पंडित रघुनाथशास्त्री कोकजे यांनी ‘हठप्रदीपिका’ या मूळ ग्रंथाची आवृत्ती संपादित केली. डॉ. एम. व्ही. भोळे हे वैद्यक शिकलेले, श्वासावर काम करणारे संशोधक. आणि डॉ. मनोहर घरोटे यांनी एस. के. गांगुली यांच्यासोबत योग शिकवायचा कसा, यावर आख्खं पुस्तक लिहिलं. पाठ कसा आखायचा, सूचना कोणत्या क्रमाने द्यायच्या, वर्गातल्या चुका कशा पाहायच्या, असं ते बीएडच्या अंगाने जाणारं काम.

म्हणजे ग्रंथ सांगायला शास्त्री, शरीर समजवायला डॉक्टर आणि शिकवायला शिकवणारा वेगळा. एकाच माणसाने सकाळी आसन, दुपारी अ‍ॅनाटॉमी आणि संध्याकाळी पतंजली शिकवायचा, हे आजच्या छोट्या शाळांमधलं चित्र इथे नव्हतं. माझ्या मते होलिस्टिक म्हणवणाऱ्या कोर्सची परीक्षा याच जागी करावी.

पुणे आणि सांताक्रूझ

बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात शिकवायला आले, तेव्हा ते १८ वर्षांचे होते. कर्नाटकातल्या बेल्लूरचा जन्म, म्हैसूरला टी. कृष्णमाचार्यांकडे शिक्षण. १९७५ मध्ये पुण्यात त्यांची ‘रमामणी अय्यंगार मेमोरियल योग इन्स्टिट्यूट’ उभी राहिली आणि देशोदेशीचे योगशिक्षक तिथे शिकायला येऊ लागले. अय्यंगार पद्धतीत थेट शिक्षक प्रशिक्षणाला बसता येत नाही. आधी प्रमाणित शिक्षकाकडे काही वर्षं विद्यार्थी म्हणून घालवायची, मग मार्गदर्शकाच्या हाताखाली तयारी, मग परीक्षा. त्यानंतरही वरच्या पातळ्या असतातच. त्यांची मुलगी गीता अय्यंगार यांनी स्त्रियांसाठीच्या योगावर मोठं काम केलं. मुलगा प्रशांत यांनी तत्त्वज्ञानाची बाजू धरली. पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या वापरून न वाकणाऱ्या शरीरालाही आसनात आणण्याची युक्ती या घराण्याची. जगभरच्या योगा स्टुडिओत दिसणारे ‘ब्लॉक’ त्यातूनच पसरले.

या दोघांआधीचं नाव श्री योगेंद्रांचं. त्यांचं मूळ नाव मणिभाई देसाई. गंमत म्हणजे तेही त्याच माधवदासांचे शिष्य. त्यांनी १९१८ मध्ये वर्सोव्याला ‘द योगा इन्स्टिट्यूट’ सुरू केली. ती आज सांताक्रूझला आहे. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी १९३०च्या दशकात स्त्रियांसाठी योगावर पुस्तक लिहिलं होतं. सून हंसाजी योगेंद्र यांना तर तुम्ही रील्समध्ये पाहिलंच असेल. इथला भर संसारी माणसावर, म्हणजे घर-नोकरी सांभाळून योग करणाऱ्यावर राहिला आहे.

नागपुरात रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने तर फुकट शिकवणाऱ्या शिक्षकांची फळीच तयार केली. सर्टिफिकेटच्या बाजारात या मंडळींचं नाव फारसं ऐकू येत नाही, याचं वाईट वाटतं.

सरकार काय म्हणतं?

भारतात योगवर्ग घ्यायला डॉक्टर किंवा वकिलांसारखा परवाना लागत नाही. आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीत ‘योगा सर्टिफिकेशन बोर्ड’ आहे, पण त्याची परीक्षा ऐच्छिक आहे. प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर, वेलनेस इन्स्ट्रक्टर, टीचर अँड इव्हॅल्युएटर, मास्टर अशा चढत्या पातळ्या आहेत आणि लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिकही होतं. २०० तास ही इथे फक्त पहिली पायरी आहे. इथे परीक्षा शिकवणाऱ्या शाळेऐवजी बाहेरचं बोर्ड घेतं, हा मला मोठा फरक वाटतो.

कोर्सची चौकशी करताना

वेबसाइटवर शिक्षकांचं पान उघडा. नावं असतील तर प्रत्येकापुढे तो कोणता विषय शिकवतो हे लिहिलंय का ते बघा. अ‍ॅनाटॉमी शिकवणाऱ्याचं शिक्षण फिजिओथेरपी, वैद्यक किंवा आयुर्वेदातलं आहे का? तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याने संस्कृत किंवा दर्शनशास्त्राचा अभ्यास कुठे केला? नावापुढे ‘ई-आरवायटी २००’ असेल, तर २०० तासांचं प्रशिक्षण संपल्यावर निदान दोन वर्षं आणि किमान १,००० तास शिकवल्याची नोंद त्या व्यक्तीने योगा अलायन्सकडे केलेली असते. ही नोंद त्यांच्या वेबसाइटवर नावानिशी तपासता येते.

जाहिरातीतला प्रसिद्ध चेहरा प्रत्यक्ष किती तास शिकवणार, हेही विचाराच. काही ठिकाणी तो उद्घाटनाला आणि सर्टिफिकेट वाटायला येतो. बॅचमध्ये किती जण असतील आणि तुम्ही सरावाचा वर्ग घेताना मागे बसून चुका टिपून घ्यायला कोण असेल, हे पैसे भरण्याआधी फोनवर स्पष्ट करून घ्या. पानावर नुसतं ‘अनुभवी शिक्षकांची टीम’ एवढंच लिहिलं असेल, तर नावं मेलवर लेखी मागवा.