साचा आणि सुया

मंडळाच्या चिटणीसबाईंनी यंदाच्या स्मरणिकेसाठी आजी-आईच्या हातच्या कामावर काहीतरी लिहा असे सांगितले, आणि विणकाम माझ्या वाट्याला आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी आमच्या घरात तीन पिढ्या सुया चालल्या आहेत, आणि ग्रंथालयातून आणलेल्या चार पुस्तकांतून थोडी माहिती जमवली आहे. ती भगिनींपुढे ठेवते.

आपल्या भाषेतला ‘विणणे’ हा शब्द फार ऐसपैस आहे. कोष्टी मागावर लुगडे विणतो, सनगर घोंगडी विणतो, बुरूड टोपली विणतो आणि आपण दोन सुयांवर बाळाचे मोजे विणतो. सगळ्यांना शब्द एकच. पण हे दोन सुयांचे विणकाम काही आपल्याकडचे जुने नव्हे. लुगडे, धोतर, उपरणे, घोंगडी हे सारे मागावरचे. थंडीला जुन्या लुगड्यांची गोधडी. माझी आजी कोकणातून लग्न होऊन मुंबईला आली तेव्हा तिला धावदोऱ्याची गोधडी उत्तम येत होती, पण लोकरीची सुई तिने पाहिलीसुद्धा नव्हती.

सुयांवर विणलेल्या कापडाचे फार जुने तुकडे सापडले ते इजिप्त देशात, सुमारे आठशे ते हजार वर्षांपूर्वीचे. पुढे ही विद्या युरोपात पसरली, आणि गंमत अशी की तेथे पुष्कळ काळ तो पुरुषांचा धंदा होता. त्यांचे संघ असत, उमेदवारी करावी लागे. १५८९ साली विल्यम ली नावाच्या एका इंग्रज पाद्र्याने मोजे विणण्याचे यंत्र केले. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीने त्याला सनद दिली नाही; हाताने विणणाऱ्या गरिबांच्या पोटावर पाय येईल असे ती म्हणाली, अशी गोष्ट सांगतात. यंत्र यायचे ते आलेच.

आपल्या देशात सुया आणि क्रोशा आले ते मुख्यतः एकोणिसाव्या शतकात, मिशनऱ्यांच्या बायका आणि गोऱ्या साहेबांच्या मडमा यांच्याबरोबर. दक्षिणेत नागरकोईलला आणि आंध्रात नरसापूरला मिशनरी बायकांनी गरीब स्त्रियांना लेस करायला शिकवले. आपल्या महाराष्ट्रात मिशनच्या शाळांतून हे काम आले. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदासदन काढले, अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्याला सेवासदन काढले. शिकणे आणि हाताला काम, या दोन्हींची सांगड तेथे घातली गेली. विधवा बाईच्या हाती चार पैसे यावेत हा त्यामागचा हेतू होता, रुखवतात मांडायला शोभेची वस्तू व्हावी हा नव्हे. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे आपल्या घरांतून रुखवतच तेवढे राहिले.

आमच्या आजीपर्यंत विणकाम आले ते मात्र आश्रमातून नव्हे, गिरणगावातून. आजोबा गिरणीत साचेखात्यात होते. साचा म्हणजे यंत्रमाग, हे नव्या मुलींना सांगावे लागते. १९५३ साली मुंबई राज्यात कामगार कल्याण निधीचा कायदा झाला आणि मंडळामार्फत कामगार कल्याण केंद्रे चालू लागली. तेथे बायकांसाठी शिवणवर्ग असत. आजी दुपारी घरचे आवरून तेथे जाऊ लागली. शिवणयंत्रापुढे तिचा नंबर लागेना, म्हणून शेजारी बसलेल्या एका बाईकडून तिने सुया शिकून घेतल्या. सुलट, उलट, टाके घालणे, टाके बंद करणे, सगळे आठ दिवसांत. विकतच्या सुया परवडत नव्हत्या, तेव्हा आजोबांनी सायकलच्या चाकाच्या तारा घासून तिला सुया करून दिल्या. त्या अजून माझ्या डब्यात आहेत.

मग १९६२ साल आले. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. हिमालयाच्या बर्फात आपले जवान सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत लढत आहेत असे ऐकून घरोघरी हळहळ झाली. आपले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. देशभर बायकांनी संरक्षण निधीला दागिने दिले आणि स्वेटर विणले. आमच्या चाळीत द्यायला सोने कुणाकडे होते? आजीच्या गळ्यात काळी पोत तेवढी. म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांनी वर्गणी काढून हिरवट लोकर आणली. लडी गुडघ्यांना अडकवून मुलांनी गुंडे करायचे आणि बायकांनी विणायचे. किनार एक सुलट एक उलट, बारीक बारा नंबरच्या सुयांवर. पुढे अंग नऊ नंबरवर. ज्यांना येत नव्हते त्यांना आजीने शिकवले. येणाऱ्याजाणाऱ्या पुरुषांपैकी जो अंगापिंडाने मोठा, त्याला जिन्यात थांबवून माप घ्यायचे. आजी सांगे, ‘माप कुणाचे घ्यावे कळेना, म्हणून मोठेच विणले.’ २१ नोव्हेंबरला युद्ध थांबले तरी विणणे संक्रांतीपर्यंत चालले. थंडी काही थांबली नव्हती.

दुसऱ्या देशांतही असेच झाले आहे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडात शाळेतल्या मुलीदेखील सैनिकांसाठी मोजे विणीत. मोज्याच्या पुढच्या टोकाला शिवण आली की बोटांना घासते. ती शिवण लागू नये अशा एका जोडणीला किचनरचे नाव आहे. हा तोच किचनर साहेब, जो १९०२ ते १९०९ आपल्याकडे सरसेनापती होता. त्याने स्वतः सुई कधी धरली असेल असे मला काही वाटत नाही.

आईची गोष्ट निराळी आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझे वडीलही साचेखात्यातच होते. मी दोन वर्षांची, धाकटा भाऊ पोटात. संप मिटेल, मिटेल म्हणता म्हणता मिटलाच नाही. वडील गावी भात लावायला गेले, परत आले, मिळेल ते काम करू लागले. त्या वेळी घर चालले ते आईच्या सुयांवर.

मुंबईत स्वेटर कोण घालणार? पण बाळंतविडा मुंबईतही लागतो. टोपरे, झबले आणि मोजे असा संच आई एका दुकानदाराला विणून देई. लोकर त्याची, मजुरी संचाला सात रुपये. तोच संच दुकानात पस्तिसाला विकला जाई. हे आईने काचेत लावलेली किंमत वाचून पाहिले होते. एकदा तिने मजुरी वाढवून मागितली. दुकानदार म्हणाला, ‘बाई, तुम्ही काय, घरबसल्या फावल्या वेळात करता.’ आईचा फावला वेळ म्हणजे रात्री दहा ते एक. दिवा जाळला की बिल येते, म्हणून ती बाहेर गॅलरीतल्या सार्वजनिक दिव्याखाली बसे. लोकर संपली की क्रोशा घेई. साखळी, मुका खांब, खांब. दूरदर्शन संचावरचे रुमाल तेव्हा फार खपत.

परवा वाचनात आले की त्याच १९८२ साली मारिया मीस या जर्मन बाईंचे नरसापूरच्या लेस करणाऱ्या स्त्रियांवर पुस्तक निघाले. त्या बायकांची लेस परदेशी जात होती, व्यापारी मोठे होत होते, आणि बायका मात्र ‘गृहिणी, रिकाम्या वेळात विणतात’ म्हणून नाममात्र मजुरीवर होत्या. नरसापूर कुठे आणि लालबाग कुठे! पण दुकानदाराचे वाक्य तेच. मी ते पान आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, ‘तिकडेसुद्धा?’ आणि बराच वेळ काही बोलली नाही. नरसापूरच्या क्रोशाला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने विणणारीच्या हाती किती जादा पडते, ते तेथल्या बायकाच सांगू शकतील.

आजोबा साच्यावर कापड विणत, तर त्यांना हजेरी होती, पगार होता, बोनस होता. आई सुयांवर विणे, तर जनगणनेला आलेल्या माणसाने तिच्यापुढे ‘घरकाम’ लिहिले. घरकाम करणारी म्हणजे त्यांच्या हिशोबात काम न करणारी. विणणे दोन्हीकडे एकच, असे मी सुरुवातीला म्हटले, ते भाषेपुरते.

पुढे लुधियानाचे यंत्रावरचे संच स्वस्तात येऊ लागले आणि दुकानदाराने आईचे काम बंद केले. तोवर सातवीनंतर माझी शाळा सुटली होती आणि मी धुणीभांड्यांची दोन घरे धरली होती. भाऊ मात्र शिकला. त्याच्या दहावीची फी शेवटच्या संचांतून गेली.

आईने दिलेल्या प्रत्येक संचाची नोंद शाळेच्या जुन्या वहीत केलेली आहे. तारीख, रंग, पैसे आले की बरोबरची खूण. गेल्या महिन्यात आम्ही दोघींनी बसून बेरीज केली. चौदाशे बारा संच. सत्तावीस संचांपुढे खूण नाही, म्हणजे त्यांचे पैसे आलेच नाहीत. आईला त्यांतले सहा-सात रंगांसकट आठवतात.

वर्धापनदिनी मंडळाच्या खोलीत हस्तकलेचे प्रदर्शन आहे. आजीच्या सायकलच्या तारांच्या सुया आणि आईची वही मी तेथे मांडणार आहे. आई स्वतः दुपारी येऊन बसेल. ज्या भगिनींच्या घरी १९६२ सालच्या लोकरीचा एखादा गुंडा किंवा नमुना अजून शिल्लक असेल, त्यांनी तो जरूर आणावा. त्या हिरव्या रंगाची नेमकी छटा कोणती, यावर आई आणि मावशी यांचे अजून एकमत झालेले नाही.