१२. ग्रॉग
पाणी घातलेली रम. ब्रिटिश आरमाराचे अ‍ॅडमिरल एडवर्ड व्हर्नन यांनी ऑगस्ट १७४० मध्ये हुकूम काढला : माणशी अर्धा पाइंट रम चौपट पाण्यात, डेकवरच्या पिंपात, अधिकाऱ्यासमोर मिसळावी आणि दिवसातून दोनदा वाटावी. त्यात लिंबू पिळत, म्हणून ग्रॉग हे मुळात स्कर्व्हीवरचे औषधच, असे म्हणणारे आहेत; पण लिंबू-साखर त्या हुकमाने फुकट मिळत नव्हती, खारवलेले मांस व पावाचा शिधा वाचवून खलाशाने ती स्वतः घ्यायची होती. आरमाराने लिंबाचा रस सरसकट देणे १७९५ नंतरचे. तेव्हा हेतू नशा आवरण्याचाच, हे मान्य करावे लागते. आपल्याकडे किनाऱ्यावर माडी मिळते. ती गाळून केलेला अरक पूर्वेकडच्या जहाजांवर रमच्या जागी चाले. ब्रिटिश आरमारातला रमचा शिधा ३१ जुलै १९७० रोजी बंद झाला.