पुस्तक कोणाचे? – मुक्ता साळवे आणि आशयसूत्राचा शोध

साहित्यकृतीचे आशयसूत्र कसे ओळखावे हे आपल्याकडे शिकवले जात नाही. ते सांगितले जाते. मार्गदर्शकात ‘मध्यवर्ती कल्पना’ दोन ओळींत छापलेली असते आणि मुले ती पाठ करतात. ज्या समाजाला ग्रंथाचा अर्थ शतकानुशतके दुसऱ्यानेच सांगितला, त्या समाजातल्या मुलांनी आजही तयार अर्थच घ्यावा काय? मी माझ्या घरातला पहिला पदवीधर. मालवणच्या किनाऱ्यावर मराठी शिकवताना हा प्रश्न मला निव्वळ अध्यापनपद्धतीचा वाटत नाही.

याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’ने १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत छापला. तो वर्गात वाचून आशयसूत्र विचारले की पहिले उत्तर येते : ‘अस्पृश्यांचे दुःख’. हा झाला विषय. लेखन कशाबद्दल आहे तो विषय. त्याबद्दल ते काय म्हणते ते आशयसूत्र.

मग मी पेन्सिलीने खुणा करायला लावतो. इमारतीच्या पायात पुरलेली माणसे, पेशवाईत तालमीपुढून गेला म्हणून उडवलेले डोके, छपराविना बाळंत होणाऱ्या बाया. आणि या साऱ्यांमध्ये एक सवाल : वेद ब्राह्मणांचेच, तर आमचे पुस्तक कोणते, आमचा धर्म कोणता? शेवटी ती आपल्या लोकांना ज्ञानाचे औषध घ्यायला सांगते. खुणा जोडल्या की मुले स्वतःच म्हणतात : ज्याचे पुस्तक हिरावले, त्याचे माणूसपणही हिरावले गेले.

हीच रीत उर्मिला पवारांच्या ‘आयदान’ला (२००३) लावावी. रत्नागिरीजवळच्या फणसवळे गावच्या या लेखिकेची आई बांबूची आयदाने विणून घर चालवी. सूप, रोवळी आमच्या मुलांच्या ओळखीची. विषय दारिद्र्य आणि जात. पण पुस्तकाला नाव विणकामाचेच का, असे विचारले की ती आईच्या विणण्यातून मुलीच्या लिहिण्यापर्यंत पोचतात.

एका कृतीत अनेक सूत्रे असू शकतात. कोणाचेही उत्तर वेगळे असो. पुरावा मात्र पानावरचा हवा. मुक्ताने ग्रंथालाच जाब विचारला. तिच्या वारसांच्या हाती आपण मार्गदर्शक द्यायचा की पेन्सिल, हे शिक्षकांनी ठरवायचे आहे.