पिवळ्या कण्हेरीची ओळख

जळगांव व धुळें या शहरांतील जुन्या घरांच्या परसांत एक पिवळें, घंटेच्या आकाराचें फूल नित्य पाहावयास मिळतें. गृहिणी तें देवपूजेसाठीं खुडतात. मुलें त्याच्या बिया घेऊन खेळतात. त्या झाडास कोणी पिवळी कण्हेर म्हणतात, कोणी बिट्टी. तांबडी कण्हेर आणि ही पिवळी या सख्ख्या बहिणी, फरक काय तो रंगाचा, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाहीं.

तांबड्या कण्हेरीचें या देशाशीं नातें फार जुनें. संस्कृतांत ती करवीर. अश्वमारक हें तिचें दुसरें नांव तिच्या विषाची साक्ष देतें. पिवळी मात्र अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशांतून समुद्र ओलांडून आली. आंद्रे थेवे हा फ्रेंच धर्मोपदेशक १५५५ सालीं ब्राझीलला गेला होता, व तिकडील एका विषारी फळाची हकीकत त्यानें लिहून ठेविली. १७५३ सालीं लिनियसनें पिवळ्या कण्हेरीस 'सर्बेरा थेवेशिया' असें नांव दिलें. त्यांत थेवेचें स्मरण आहे, आणि ग्रीक पुराणांतील यमलोकाच्या दारावरचा सर्बेरस नांवाचा कुत्राही आहे. आज वनस्पतिशास्त्रांत ती 'कास्काबेला थेवेशिया' म्हणून ओळखली जाते.

नवें झाड आलें कीं लोक त्यास जवळच्या ओळखीचें नांव देतात. हिचीं पानें कण्हेरीसारखीं लांबट व अरुंद, म्हणून हीही कण्हेर झाली. दोघींचें कूळ एकच. परंतु जाती निराळ्या. तांबडीचीं पानें बहुधा तीन-तीन एका पेरावर येतात, पिवळीचीं एकेक. तांबडीस लांब शेंगा धरतात. पिवळीचें फळ आंखूड, फुगीर व कंगोरेदार असतें.

रंगावर न भुलतां अवयव पाहून झाड ओळखण्याची ही रीत मुंबई इलाख्यांत थिओडोर कुक यांच्या ग्रंथानें दृढ झाली. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे हे प्राचार्य मूळचे अभियंते. खानदेशासह साऱ्या इलाख्यांतील वनस्पतींचें त्यांचें वर्णन १९०१ ते १९०८ या काळांत प्रसिद्ध झालें. पुढें धुळें-नंदुरबार आणि जळगांव या जिल्ह्यांच्या वनस्पतींवर अनुक्रमें २००३ व २००८ सालीं स्वतंत्र ग्रंथ निघाले.

ही चिकित्सा केवळ पंडितांसाठीं नव्हे. पिवळ्या कण्हेरीचे सर्वच भाग विषारी असून तें विष हृदयावर आघात करतें. बियांत तें विशेष असतें. ज्या बिट्ट्या मुलें खेळावयास घेतात, त्याच या बिया. ओळखीच्या नांवामुळें झाड निर्धोक वाटतें, हाच खरा धोका. तें तोडून टाकावयास हवें असें नाहीं. परंतु पडलेलीं फळें रोज उचलावीं, आणि फुलाचा रंग दाखवितांना मुलांना त्याच्या बीचा गुणही सांगावा.