मातीतले कारागीर

वळवाची पहिली सर येऊन गेली की मातीला जो वास सुटतो, तो आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. तो वास पुष्कळ अंशी स्ट्रेप्टोमायसीस नावाच्या जीवाणूंची करणी होय, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. याच कुळाने १९४३ साली क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन दिले. १९४९ साली फिलिपाइन्समधून डॉ. आबेलार्दो आगिलार यांनी पाठविलेल्या मातीतून एरिथ्रोमायसिन निघाले. आपल्या पिंपरीलाही १९६१ साली हॅमायसिन हे बुरशीनाशक सापडले; ते देणाऱ्या जीवाणूचे नावच स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना!

शोधाची रीत त्या काळी एकच होती. माती आणावी, जीवाणू वाढवावेत आणि ते देतील ते घ्यावे. पुढे तीच ती द्रव्ये पुन्हा हाती येऊ लागली. इकडे रोगजंतूही जुन्या औषधांना जुमानीनासे झाले.

या कोंडीतून वाट निघाली ती निव्वळ कुतूहलातून. १९५४ साली केंब्रिज येथे डेव्हिड हॉपवुड हा तरुण स्ट्रेप्टोमायसीस सीलिकलर या जातीची आनुवंशिकता तपासू लागला. ही जात ॲक्टिनोऱ्होडिन नावाचे रंगद्रव्य करते. ते आम्लात तांबडे, तर अल्कलीत निळे दिसते. त्यापासून औषध होईल, अशी आशा कोणी धरली नव्हती.

जीवाणूच्या पेशीत असे द्रव्य घडते कसे? तेथे एन्झाइमे, म्हणजे विकरे, कारागिरांसारखी काम करतात. एकाने जोडावे, दुसऱ्याने वळवावे, तिसऱ्याने प्राणवायू बसवावा, अशी कामाची वाटणी असते. प्रत्येक कारागीर कसा घडवावा याची आज्ञा जनुकात लिहिलेली असते. १९८४ साली हॉपवुड आणि फ्रान्सिस्को मालपार्तिदा यांनी या रंगद्रव्याची सर्व जनुके एकत्र उचलून वेगळी काढली. पुढच्याच वर्षी जपानचे सातोशी ओमुरा व अमेरिकेतील हाइन्झ फ्लॉस यांच्यासह त्यांतील काही जनुके मेडरमायसिन करणाऱ्या जीवाणूत घातली. परक्या घरचा कारागीर तेथे कामाला लागला आणि मेडरऱ्होडिन हे नवे द्रव्य जन्मास आले. जनुके हलवून घडविलेले ते पहिले संकरित प्रतिजैविक.

१९९० व १९९१ साली एरिथ्रोमायसिनचे रहस्य उलगडले. तेथे तीन प्रचंड प्रथिनांत कारागिरांचे सहा गट ओळीने बसलेले असून प्रत्येक गट साखळीला एकेक दुवा जोडतो. पाचव्या गटातील एक कारागीर काढून टाकताच साखळीत नेमक्या त्याच जागी फरक पडला. मग २००२ साली सीलिकलरची संपूर्ण जनुकलिपी वाचली गेली, तेव्हा अशी द्रव्ये घडविणारे वीसहून अधिक जनुकसमूह तीत आढळले. ओळखीचे होते ते मोजकेच. बाकीचे कारागीर मुके बसलेले होते.

मेडरऱ्होडिनचे औषध झाले नाही, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. नवे द्रव्य घडविणे निराळे आणि रोग्याला मानवणारे औषध मिळणे निराळे. परंतु निळ्या डागाकडे पाहत बसलेल्या त्या तरुणाला ‘याचा उपयोग काय?’ असे विचारून कोणी उठविले असते, तर ही वाटच सापडली नसती. त्या प्रश्नाला उत्तर मिळू लागण्यास एकतीस वर्षे लागली. रोगजंतू थांबलेले नाहीत. तेव्हा अशा कुतूहलाला तेवढा अवधी देण्याची तयारी समाजाने ठेवलीच पाहिजे.