जुहू की सांताक्रूझ? समांतर धावपट्ट्या आणि उतरणारं विमान

मुरुमसारख्या गावात धावपट्ट्यांवर व्याख्यान कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. पण सोलापूरच्या सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी २०२३ च्या जूनमध्ये पाडली, त्यावर आपल्या भागात केवढी चर्चा झाली! वाद होता तो विमान उतरण्याच्या वाटेचा. धावपट्टी जमिनीवर असते हे खरं, पण तिची वाट आभाळात कितीतरी किलोमीटर मागे गेलेली असते. आज त्या वाटेबद्दलच बोलू. एकीच्या शेजारी दुसरी वाट असली, की काय होतं?

याचं आपल्याकडचं जुनं उदाहरण मुंबईचं. गंमत अशी, की मुंबई विमानतळावर समांतर धावपट्ट्या नाहीतच. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी मोकळेपणानं काम करता येत नाही. २०१८ च्या डिसेंबरात एका दिवसात हजाराहून जास्त विमानांची ये-जा झाली, तीसुद्धा एका वेळी एकच धावपट्टी वापरून. मग समांतर धावपट्टी आली कुठून? ती आहे शेजारच्या जुहूला.

जुहूचा विमानतळ १९२८ चा. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले, ते इथंच. पुढे मोठी विमानं सांताक्रूझला गेली आणि जुहू लहान विमानांपुरतं उरलं. पण धावपट्टी जागेवरच राहिली. तिची दिशा आणि सांताक्रूझच्या मुख्य धावपट्टीची दिशा जवळजवळ सारखी. मधलं अंतर दोन-तीन किलोमीटर. आणि समुद्रावरून येणाऱ्या वैमानिकाला आधी दिसणार जुहू! सांताक्रूझची मुख्य धावपट्टी आज जवळपास साडेतीन किलोमीटर आहे. जुहूची बाराशे मीटरही भरत नाही.

व्हायचं तेच झालं. १५ जुलै १९५३ ला ब्रिटिश कंपनीचं कॉमेट, म्हणजे जगातलं पहिलं जेट प्रवासी विमान, सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. नशीब बलवत्तर, ते थांबलं आणि काही दिवसांनी तिथूनच उडवून नेलं. लोकांनी किस्सा म्हणून सांगितला असेल. माझ्या मते तो इशारा होता. कारण २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८, लंडनहून टोकियोला निघालेलं, त्याच जुहूला उतरलं. या वेळी धावपट्टी पुरली नाही. विमान पुढे निघून गेलं, इतकं मोडलं की भंगारात काढावं लागलं. माणसं वाचली. याच कंपनीचं दुसरं विमान तीन महिन्यांपूर्वी दिल्लीला उतरताना यमुनेकाठी कोसळलं होतं, त्यात बहुतेक सगळे गेले होते. तेव्हा जुहूला काय टळलं, याचा अंदाज करा.

वैमानिक अडाणी होते का? मुळीच नाही. डोळ्याला जे अपेक्षित असतं तेच तो बघतो. लंडनमध्येही हेच झालं. १९६० मध्ये पॅन ॲमचं बोइंग ७०७ हीथ्रोऐवजी शेजारच्या नॉर्थोल्टच्या लष्करी तळावर उतरलं. इंग्रजांनी उपाय केला तो अगदी गावठी, पण मला फार आवडतो. वाटेवरच्या गॅसच्या प्रचंड टाक्यांवर मोठाली अक्षरं रंगवली, एकीवर हीथ्रोची, दुसरीवर नॉर्थोल्टची. एसटी स्टँडवर फलाटाला पाटी लावतात ना, तसं.

खरा उपाय यंत्राचा. इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टीम म्हणजे धावपट्टीवरून निघणाऱ्या रेडिओच्या दोन रेषा. एक डावं-उजवं सांगते, दुसरी उतार सांगते, साधारण तीन अंशांचा. समांतर धावपट्ट्यांना प्रत्येकीची वेगळी फ्रिक्वेन्सी असते.

आता दोन विमानं शेजारी-शेजारी, एकाच वेळी उतरायची असतील तर? आंतरराष्ट्रीय नियमानं दोन धावपट्ट्यांत किमान १,०३५ मीटर अंतर लागतं. दोन्ही वाटांच्या मध्ये ६१० मीटर रुंदीचा पट्टा राखून ठेवतात, त्यात कुणीही शिरायचं नाही. आपल्या भाषेत, हा बांध. रडारवर बसलेला माणूस फक्त या बांधावर नजर ठेवतो. एखादं विमान बांध कोरायला लागलं, की त्याला परत फिरायला सांगतातच, पण सरळ चाललेल्या शेजाऱ्यालाही तातडीनं बाजूला काढतात. चूक एकाची आणि वळायचं दुसऱ्यानं! शेतात हा न्याय कुणी मानणार नाही. पण चुकलेला वेळेवर ऐकेल याची खात्री नसते, म्हणून जो ऐकतोय त्याला आधी वाचवायचं.

यंत्रं आली तरी डोळ्याचा घोटाळा संपला नाही. ७ जुलै २०१७ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोला दोन समांतर धावपट्ट्यांपैकी डावी बंद होती, दिवे मालवलेले. एअर कॅनडाच्या वैमानिकांच्या मनात दोन पट्ट्या होत्या, त्यांना दोन दिसल्याही. पण त्यातली उजवी म्हणजे धावपट्टी नव्हतीच, विमानांचा जायचा-यायचा रस्ता होता. तिथं चार भरलेली विमानं रांगेत उभी! हे विमान साठेक फुटांवर आलं आणि वर उचललं गेलं.

बेंगळुरूची गोष्ट उतरण्याची नाही, उड्डाणाची आहे, तरी सांगतो. २०२२ च्या जानेवारीत दोन समांतर धावपट्ट्यांवरून दोन विमानं जवळजवळ एकाच वेळी उडाली आणि एकमेकांकडे यायला लागली. एका धावपट्टीचं काम थांबवायचं ठरलं होतं, ते तिथल्या नियंत्रकापर्यंत पोचलंच नव्हतं. रडारवरच्या माणसानं पाहिलं आणि दोघांना वळवलं. अंतर, यंत्र, नियम सगळं होतं. राहिला होता फक्त एक निरोप.

नवी मुंबईच्या विमानतळावर २०२५ च्या डिसेंबरात एका धावपट्टीवर विमानं सुरू झाली. आराखड्यात दुसरी समांतर धावपट्टी आहे, दोघींत १,५५० मीटर अंतर. म्हणजे बांध घालायला जागा भरपूर. ती धावपट्टी झाली, की दोन विमानं शेजारी-शेजारी, एकमेकांची वाट न बघता उतरणं महाराष्ट्रात पहिल्यांदा घडेल. आणि जुहूची धावपट्टी अजून तिथंच आहे. तिच्यावर आज मुख्यतः हेलिकॉप्टरं उतरतात.